धबधब्याचा फोटो कसा वाचायचा? चिखलदऱ्याच्या निमित्ताने

मागच्या लेखात आपण संशोधन-प्रश्न कसा लिहायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, प्रश्न तर लिहिला, पण साहित्य म्हणून फोटो घेतले तर चालतात का? फोटोवर काय लिहायचं?" पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने तर सरळच विचारलं, "फोटो तर दिसतोच ना, त्यात वाचायचं काय?" आजचा लेख त्याच्यासाठी. उदाहरण आपल्याच घरचं घेऊ, चिखलदऱ्याच्या धबधब्याचा फोटो.

जुलै लागला की अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर हा फोटो येतो. मधोमध पांढरं पाणी, दोन्ही बाजूंना हिरवा कडा, वर धुकं आणि खाली पाठमोरा उभा एक माणूस, हात पसरलेले. ओळ ठरलेली, 'विदर्भाचं नंदनवन'. फोटो भीमकुंडाचा असो, मुक्तागिरीचा असो की वारी भैरवगडाकडचा, मांडणी तीच. मी स्वतः असे फोटो काढलेत, स्टेटसला ठेवलेत, आणि पुढे माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा विषयही तोच केला. म्हणून ही टीका आधी माझ्यावर आहे, मग बाकीच्यांवर.

१. फोटो खोटा असतो का?

सुरुवातीला मी आराखड्यात लिहिलं होतं, 'पर्यटन-छायाचित्रे वास्तवाचे विकृतीकरण करतात.' सरांनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला, 'कोणत्या?' म्हणजे कोणत्या वास्तवाचं? मला उत्तर देता आलं नाही.

दुधासारखं दिसणारं पाणीच घ्या. कॅमेऱ्याचं झाकण अर्धा-एक सेकंद उघडं ठेवलं की थेंब रेघा ओढत जातात आणि पाण्याचा रेशमी पदर तयार होतो. एक सेकंद खाली पडलेला थेंब, हवेचा विरोध सोडला, तर ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेगाने चाललेला असतो. पुढच्या अर्ध्या सेकंदात तो सुमारे सहा मीटर खाली जातो. तेवढा सगळा प्रवास एका फोटोत साठतो. उलट झाकण सेकंदाचा हजारावा भागच उघडलं, तर तो थेंब जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो आणि काचेच्या मण्यासारखा हवेत लटकलेला दिसतो. आपल्या डोळ्यांना ना तो पदर दिसतो, ना तो मणी. मग यातला खरा फोटो कोणता? दोन्ही कॅमेऱ्याचेच.

गंमत अशी की हा पदर एकेकाळी फोटोग्राफरची मजबुरी होती. एडवर्ड मायब्रिजने १८७२ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातले धबधबे टिपले. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत प्रकाश शोषायला सेकंदच्या सेकंद लागायचे. पाणी पुसट यायचं, कारण दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. आज आपल्या हातातला फोन हजाराव्या सेकंदात फोटो काढू शकतो, तरी आपण काळी काच लावून नाहीतर ॲपमधला पर्याय निवडून मुद्दाम तोच पुसट पदर आणतो. जी अडचण होती तिची आवड झाली. संशोधकाने इथे थांबून विचारायचं असतं की ही आवड कुठून आली, कोणी शिकवली. 'खोटं आहे' म्हणून टाकलं की हा प्रश्नच मरतो.

२. आकडे आणि क्रियापदं

फोटो एकटा फिरत नाही, त्याच्याखाली मजकूर असतो. भीमकुंडाच्या फोटोखाली '३५०० फूट खोल' असा आकडा मी कितीतरी पर्यटन-पानांवर वाचला आणि एका टिपणात स्वतःही वापरला. मग एक दिवस साधी वजाबाकी करून पाहिली. चिखलदऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १११८ मीटर, म्हणजे ३६७० फुटांच्या आसपास. त्यातून ३५०० वजा केले तर उरतात १७० फूट, म्हणजे जेमतेम ५० मीटर. आता अकोला शहरच २८० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. म्हणजे दरीचा तळ अकोल्यापेक्षाही दोनशेहून जास्त मीटर खाली! मग तिथलं पाणी तापीला मिळायला डोंगर चढून जाते का?

माझा अंदाज असा की कधीतरी कोणीतरी गावाची उंची दरीच्या खोलीच्या जागी लिहिली आणि पुढे सगळ्यांनी उतरवून घेतली. पण लक्षात ठेवा, हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. निष्कर्ष एवढाच की तो आकडा बरोबर असू शकत नाही. या दोन वाक्यांतला फरक मौखिक परीक्षेत हमखास विचारतात.

दुसरं उदाहरण क्रियापदाचं. '१८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधले.' हे वाक्यही सगळीकडे आहे. शोधलं म्हणजे काय? शेजारी गाविलगड उभा आहे. बहामनी काळापासूनचा किल्ला. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो लढून घेतला. म्हणजे रॉबिन्सन यायच्या वीस वर्षं आधी इंग्रजांचं सैन्यच तिथे येऊन गेलेलं होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून कोरकू होते, गवळी होते. लोक कीचकाची गोष्ट सांगत होते, की भीमाने त्याला मारून इथल्या दरीत टाकलं, कुंडात हात धुतले, आणि कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं. ज्या जागेची लोकांकडे एवढी गोष्ट आहे ती सापडायची राहिली होती कोणाला? फक्त थंड हवेच्या शोधात असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना. आजही 'हिडन वॉटरफॉल' म्हणून रील येते तेव्हा तेच क्रियापद चालू असते. त्या 'लपलेल्या' धबधब्याच्या वाटेवर कोणाची तरी गुरं रोज चरतात.

३. माझे ४७ फोटो

आता पद्धतीकडे येऊ. मी काय केलं, तर माझ्या फोनमधले एका सहलीच्या एका दिवसाचे फोटो घेतले. ४७ निघाले. एक कोष्टक केलं. पाणी चौकटीत कुठे आहे? माणूस आहे का, कोणत्या दिशेला तोंड आहे? आकाश किती? कठडा, गाडी, दुकान, कचरा यातलं काय दिसतं? रंग वाढवलेत का? फोटो कुठे पाठवला, खाली काय लिहिलं?

हे काम कंटाळवाणं आहे, पण करा. कारण कोष्टक भरताना जे दिसतं ते नुसतं बघून दिसत नाही. माझ्या ४७ फोटोंपैकी सहा फोटोंत कोणाच्या ना कोणाच्या हातात भाजलेला भुट्टा होता. आणि तो भुट्टा भाजून देणारी बाई एकाही फोटोत नव्हती. तिच्या शेगडीसमोर आम्ही चांगला अर्धा तास उभे होतो. पाऊस आला तेव्हा तिच्याच ताडपत्रीखाली थांबलो होतो. तरी नव्हती.

हे मी ठरवून केलेलं नव्हतं. यालाच जॉन उरी या समाजशास्त्रज्ञाने 'द टूरिस्ट गेझ' (१९९०) या पुस्तकात पर्यटकाची नजर म्हटलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पर्यटक मोकळ्या डोळ्यांनी पाहत नाही. जाहिराती, पुस्तकं, आधीचे फोटो यांनी त्याला काय पाहायचं ते शिकवलेलं असतं. तो तिथे जाऊन आधी पाहिलेलाच फोटो परत काढतो आणि घरी आणून दाखवतो, की पाहा, मी गेलो होतो. सुसान सोन्टागने १९७७ मध्ये 'ऑन फोटोग्राफी'त याच्या जवळचं काही लिहिलं होतं. फोटो काढणं म्हणजे अनुभवाचा दाखला घेणं, आणि दाखला घेण्याच्या नादात अनुभव टाळणंही.

माझे ४७ फोटो उरीच्या सिद्धान्तात चपखल बसले. मी खूश झाले. प्रकरण लिहून टाकलं. आणि आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. पहिल्या प्रकरणात उरी, तिसऱ्यात आपली माहिती, पाचव्यात 'उरी यांचे म्हणणे सिद्ध होते'. उरी बरोबर आहे हे सांगायला त्याला चिखलदऱ्याच्या दाखल्याची गरज नव्हती. मग माझ्या प्रबंधाची गरज कोणाला होती?

४. आजी काय म्हणाली

त्या सहलीत आजी सोबत होती. आजी दर्यापूर तालुक्यातली, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातली. तुमच्यापैकी अकोला, दर्यापूर, तेल्हाऱ्याकडच्या मुलांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत मोठ्या भागात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली तरी ते पाणी प्यायला नाही, धड ओलिताला नाही. आजीने उभं आयुष्य गोड्या पाण्यासाठी हंडे वाहिले.

पॉइंटवर सगळे कठड्याकडे धावले. आजी रस्त्याच्या कडेला वाहणाऱ्या ओहोळाशी थांबली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घालून पाहिलं. मग समोरचा धबधबा बघत म्हणाली, "एवढं गोड पानी कायले वाया चाललं वं पोरी? आपल्या गावाले काऊन नाही भेटत हे?"

आम्ही हसलो. मी तर तिला म्हटलं, "आजी, इकडे पाह्य, फोटो काढते." तिने पाहिलं नाही, ती पाण्याकडेच पाहत होती. तो फोटो हललेला आला म्हणून मी तो पुसून टाकला. म्हणजे माझ्या ४७ मध्ये तो नाहीच.

प्रकरण वाचून सरांनी सहज विचारलं, "सोबत कोण होतं?" मी आजीचं सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "पाणी गोड आहे हे तुझ्या कोष्टकात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. माझ्याकडे चौकट होती, रंग होता, दिशा होती. चव नव्हती. उरीची मांडणी डोळ्यांभोवती उभी आहे. योनास लार्सनसोबतच्या २०११ च्या आवृत्तीत शरीर आणि कृती यांनाही जागा दिली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाहीतर परीक्षक सांगतील. पण तरीही त्यातला पर्यटक रोजचं आयुष्य मागे ठेवून काहीतरी वेगळं पाहायला निघालेला असतो. आजीने काहीच मागे ठेवलं नव्हतं, ती विहिरीचा खारटपणा जिभेवर घेऊन आली होती. तिच्यासाठी धबधबा 'दृश्य' नव्हताच. तो पाण्याचा एक साठा होता, चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेने चाललेला.

५. ती बरोबर होती का?

आता आजीचं वाक्य भावुक होऊन प्रकरणाच्या शेवटी लावायचं आणि टाळ्या घ्यायच्या, हाही एक मोह असतो. तेही नको. तिचं वाक्य म्हणजे दावा आहे, आणि दावा तपासायचा असतो.

एका अर्थाने ती बरोबर होती. गाविलगडचे डोंगर लाव्हाच्या थरांचे, काळ्या बसाल्टचे आहेत. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो, पायऱ्या तयार होतात, त्यावरून पाणी कोसळतं. पण याच खडकात पाणी मुरायला जागा कमी. खाली सपाटीपेक्षा इथे कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि पडतो तसा निघून जातो. म्हणून जुलैत ज्या चिखलदरा तालुक्यातून धबधब्यांचे फोटो येतात, त्याच तालुक्यातल्या गावांना मे महिन्यात टँकर लागतात. म्हणजे धबधबा हे पाणी भरपूर असल्याचं चित्र नाही. ते पाणी सोडून चालल्याचं चित्र आहे. आजीने ते एका वाक्यात वाचलं होतं. मला त्यासाठी भूगोलाच्या एका मित्राकडे दोन संध्याकाळी बसावं लागलं.

दुसऱ्या अर्थाने ती चुकली होती. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या मेळघाटच्या नद्या तापीला जातात. दक्षिण उतारावरचं पाणी पूर्णेत येतं, आणि पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. वाटेत शहानूर, वान यांसारख्या धरणांत ते अडवलं जातं, आणि तिथून खारपाणपट्ट्यातल्या गावांना नळाने पिण्याचं पाणी येतं. म्हणजे आजीच्या अंगणातल्या नळाला, ज्या दिवशी येते त्या दिवशी, याच डोंगररांगेचं पाणी येते. सगळंच्या सगळं वाया जात नव्हतं. ती ज्याला 'आपल्या गावाले नाही भेटत' म्हणाली, त्यातलं थोडं तिला भेटत होतं.

मी घरी जाऊन तिला हे सांगितलं. आजी म्हणाली, "हाव? मंग ते फोटो काढाले पाहिजे होतं नळाचा."

६. मग टीका कोणावर?

समीक्षा म्हणजे लोकांना फोटो काढू नका म्हणणं नव्हे. वर्षभर कपाशीत राबणाऱ्या माणसाने एक दिवस पोरांना घेऊन पाणी बघायला जावं, भिजावं, फोटो काढावा. त्यात नाक मुरडण्यासारखं काहीही नाही. (कठड्याच्या पलीकडे मात्र जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली. त्याच्या काही दिवस आधी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब पाण्यात वाहून गेलं. शेवाळलेला बसाल्ट फोटोत ओला आणि सुंदर दिसतो, पायाखाली साबण असतो.)

माझी तक्रार वेगळी आहे. मेळघाटचे बाहेर फक्त दोनच अल्बम जातात. एकात धबधबा, धुकं आणि वाघ. दुसऱ्यात कुपोषित मूल. १९९० च्या दशकापासून हा दुसरा अल्बमही ठरलेला आहे. तीच झोपडी, तेच डोळे, तेवढंच जवळून. हे दोन अल्बम एकाच तालुक्यातले, कधीकधी एकाच रस्त्यावरचे, पण एकमेकांना भेटत नाहीत. पहिल्यात माणूस आला की नंदनवन बिघडतं. दुसऱ्यात धबधबा आला की दुःख कमी वाटतं. दोन्हींत कोरकू माणूस चौकटीबाहेर राहतो, किंवा चौकटीत आला तर नुसता दाखवायला. सिपना नदीच्या नावाचा कोरकूत अर्थ साग असा आहे. फोटोतली ती सगळी हिरवळ म्हणजे बरीचशी सागाची पानं. नदीच्या नावात जे लिहिलेलं आहे ते फोटोखालच्या ओळीत कोणी लिहीत नाही.

आणि यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी भुट्टेवालीचा फोटो न विचारता काढून आणायचा, हेही नाही. मला तोच मोह झाला होता. सर म्हणाले, "तिला आधी विचार, मग बस, मग बोल. फोटो शेवटी. नाही म्हणाली तर नाही." मी पुढच्या पावसाळ्यात गेले. ती नाही म्हणाली. माझ्या टिपणात तेवढंच लिहिलं आहे, तारखेसह.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या फोनमधल्या एका सहलीचे सगळे फोटो घ्या, पुसलेल्यांच्या पेटीत शिल्लक असतील तेही. कोष्टक करा. प्रत्येक फोटोसमोर महिना लिहा आणि तीच जागा मे महिन्यात कशी असते ते शोधा. खालच्या मजकुरातला एक तरी आकडा वजाबाकी करून तपासा. सोबत कोण होतं आणि ते काय म्हणालं ते आठवून लिहा, त्यांच्याच बोलीत. आणि मग एखादा सिद्धान्त घ्या आणि बघा, त्यात काय मावत नाही.

माझ्या कोष्टकात आता 'पाण्याची चव' असा रकाना आहे. तो बहुतेक रिकामाच राहतो. प्रकरण नव्याने लिहायला घेतलं आहे आणि सहा महिने मागे पडले आहे, हे खरं. मागच्या आठवड्यात गावी गेले तेव्हा नळ आला होता. आजी हंडा लावून बसली होती, मी फोन काढला तर म्हणाली, "थांब, आधी भरू दे."